फडताळापासून शटरपर्यंत: जालना जिल्ह्यातील स्वयंपाकघराच्या कपाटांची घरगुती डागडुजी

जालना जिल्ह्यातील स्वयंपाकघरांत आज निरनिराळ्या काळांतली तीन प्रकारची कपाटे शेजारी शेजारी वापरात आहेत, आणि ती कमी खर्चात, घरच्या घरी पुन्हा नीट करू पाहणाऱ्याने रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी समोरचे कपाट यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखणे आवश्यक असते. पहिला प्रकार भिंतीच्या जाडीत बसवलेल्या, दोन झडपांच्या फडताळाचा. दुसरा दूध, दही आणि उरलेसुरले अन्न ठेवण्यासाठी केलेल्या, पायांवर उभ्या असणाऱ्या जाळीच्या कपाटाचा. आणि तिसरा ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरशांमध्ये बसवलेल्या प्लायवूडच्या किंवा भुशाच्या बोर्डाच्या, सनमायका लावलेल्या शटरांचा. या तिन्हींचे लाकूड वेगळे, त्यावरचा लेप वेगळा आणि त्यांची बिघडण्याची रीतही वेगळी असल्यामुळे एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याचे नुकसान करतो. घरगुती डागडुजीत वाया जाणारा बहुतेक पैसा ही ओळख न पटवताच आणलेल्या रंगावर खर्च झालेला असतो.

या तीन प्रकारांमागे जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास आहे. आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला, परंतु 17 सप्टेंबर 1948पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि येथील जुनी घरे मराठवाड्याच्या रीतीप्रमाणे माळवदाची, म्हणजे लाकडी खांब व तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून त्यावर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराची होती. अशा घरांच्या भिंती दगड-मातीच्या आणि चांगल्या दोन-तीन फूट जाड असत, त्यामुळे भिंतीतच कोनाडे आणि फडताळे काढणे सोयीचे होते. अंबड, परतूर, भोकरदन यांसारख्या जुन्या गावांत आणि कुंडलिका नदीच्या काठच्या जुन्या जालन्यात अशी फडताळे अजून पाहायला मिळतात. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारीच्या भूकंपाने जड माळवदांचा धोका साऱ्या मराठवाड्याला दाखवून दिला, स्लॅबच्या घरांकडे आधीच सुरू झालेला ओढा आणखी वाढला, आणि बियाणे कंपन्या व लोखंडी सळ्यांचे कारखाने यांमुळे वाढत गेलेल्या जालना शहरात कडाप्प्याचा ओटा आणि त्याखालची शटरे ही स्वयंपाकघराची नेहमीची मांडणी झाली. पाडलेल्या घरांच्या फडताळांच्या झडपा मात्र कित्येक कुटुंबांनी चौकटीसह काढून नव्या घरात बसवल्या, आणि आज डागडुजीला सर्वाधिक पात्र असणारी वस्तू तीच आहे.

फडताळाची झडप बहुधा सागाची असते, क्वचित कडुनिंबाची किंवा बाभळीची. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, वाळवी त्याला सहजी लागत नाही आणि शंभर वर्षांनंतरही वरचा काळा थर काढला की आतले लाकूड निकोप निघते. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च 2023मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून जे लाकूड रवाना झाले ते सागच होते, आणि त्याच जातीचे लाकूड एखाद्या जुन्या स्वयंपाकघरात तपकिरी ऑईलपेंटच्या चार थरांखाली झाकलेले असेल, तर ते उघडे करण्यासाठी घेतलेले कष्ट नव्या फर्निचरच्या खर्चाशी ताडून पाहता स्वस्तच ठरतात. अशा झडपेचे सांधे खिळ्यांनी ठोकलेले नसतात. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून ते केलेले असतात. म्हणून सांधा सैल झाला असेल तर त्यात खिळा ठोकू नये. तो हलक्या हाताने उकलून जुना गोंद खरवडून काढावा आणि नवा गोंद लावून सुतळीने आवळून ठेवावा, कारण खिळ्याने लाकूड चिरते आणि पुढच्या पावसाळ्यात सांधा पुन्हा हलू लागतो.

जुन्या झडपेवरचा लेप कोणता आहे हे तपासण्याची रीत सोपी आहे आणि तिला काहीच खर्च येत नाही. झडपेच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, पॉलिशच्या स्पिरिटाचे दोन थेंब कापसाने लावावेत आणि मिनिटभराने बोट लावून पाहावे. जागा चिकट झाली तर वरचा लेप लाखेचा आहे. स्पिरिटाने काहीच झाले नाही, परंतु थिनरने तो मऊ पडला, तर तो लॅकर आहे. दोन्हींनी सहज फरक पडला नाही तर बहुधा तेलाचा रंग, म्हणजे ऑईलपेंट किंवा एनॅमल, किंवा अलीकडचे पॉलियुरेथेन असते. लाखेचा लेप हा आपल्याकडील लाकूडकामाचा सर्वांत जुना आणि दुरुस्तीला सर्वांत सोयीचा लेप आहे. लाख हे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारीक कीटकाचे स्रवण असून ते गाळून, वितळवून आणि पसरवून त्याची पातळ पापुद्र्यांसारखी चपडी करतात. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. या लेपाचा मोठा गुण असा की नवा थर दिला की त्यातील स्पिरिट खालचा जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात, त्यामुळे तो मुळापासून खरवडण्याची गरज पडत नाही.

परंतु कोणताही लेप देण्यापूर्वी जे काम करावे लागते ते म्हणजे चिकटा काढणे, आणि स्वयंपाकघरातील कपाटांच्या बाबतीत हेच सर्वांत मोठे, सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत कमी खर्चाचे काम आहे. फोडणीच्या वेळी तेलाचे सूक्ष्म कण वाफेबरोबर वर जातात, कपाटाच्या वरच्या कडांवर, मुठींभोवती आणि चुलीच्या किंवा शेगडीच्या बाजूच्या झडपेवर बसतात, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतात आणि त्यांवर धूळ व काजळी बसून पिवळसर-काळा राप तयार होतो. हा राप तसाच ठेवून वर रंग लावला तर रंग लाकडाला न धरता त्या रापाला धरतो आणि काही महिन्यांत त्याचे पोपडे निघतात. एनॅमल किंवा सनमायकाच्या पृष्ठभागावरचा राप काढण्यासाठी धुण्याचा सोडा पुरतो: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवून, हातमोजे घालून, फडके भिजवून ते पिळून घ्यावे, पाच-दहा मिनिटे चिकट्यावर धरावे आणि मग नारळाच्या शेंडीने किंवा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने कोपरे घासावेत, नंतर दोन वेळा स्वच्छ पाण्याने पुसणे अत्यावश्यक आहे, कारण मागे राहिलेला सोडाही पुढच्या रंगाला लाकडावरून सोडवतो. लाखेच्या लेपावर मात्र सोडा वापरू नये, कारण लाख अल्कलीत विरघळते. तेथे रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण पुरे. उघड्या लाकडावरही सोड्याचे पाणी फार वेळ राहू देऊ नये, त्याने काही लाकडे काळवंडतात.

या धुण्यात एक गोष्ट हमखास घडते आणि अननुभवी माणूस ती पाहून काम थांबवतो. मसाल्याच्या डब्याजवळच्या फळीवर सोड्याचे पाणी पडताच पिवळे डाग एकदम लालभडक होतात. हा रंग बिघडल्याचा किंवा लाकूड जळल्याचा परिणाम नसून हळदीतील पिवळे द्रव्य अल्कलीच्या संयोगाने लाल होते एवढाच त्याचा अर्थ आहे. हळदीपासून कुंकू करताना पारंपरिक रीतीत चुना वापरला जातो तो याच कारणाने. स्वच्छ पाण्याने पुसल्यावर लाली पुष्कळशी उतरते आणि उरलेला पिवळा डाग झडप दोन-तीन दिवस उन्हात ठेवली की फिका होत जातो, कारण हळदीचे हे द्रव्य सूर्यप्रकाशात टिकत नाही. म्हणूनच शेगडीजवळच्या शटरांना पांढरा किंवा फिकट रंग निवडताना विचार करावा: जालन्याच्या स्वयंपाकात हळद आणि तेल दोन्ही रोजचे आहेत.

चिकटा निघाल्यानंतर घासण्याचे काम येते, आणि येथे पैशापेक्षा आरोग्याचा प्रश्न मोठा आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर किलोमागे 90 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम 2016मध्ये काढण्यात आला आणि तो 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलाच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल व शेंदरी छटांत, शिसे याहून कितीतरी जास्त असू शकते. शिशाची धूळ श्वासावाटे आणि हातावाटे शरीरात गेली तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ कायमची खुंटू शकते, म्हणून जुना रंग कोरडा घासू नये आणि दिव्याने जाळून तर मुळीच काढू नये. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजणारा पॉलिशपेपर, ओला करून घासावे, निघालेला चिखल फडक्याने टिपून त्या फडक्यासह पिशवीत बांधून टाकून द्यावा, आणि काम सुरू असताना मुले व गरोदर स्त्रिया त्या जागेपासून दूर असाव्यात. जुना रंग घट्ट बसलेला असेल, कुठेही सुटत नसेल, तर तो पूर्ण काढण्याचा हट्ट सोडून केवळ त्याची चकाकी मारून वरून नवा थर देणे हाच शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग आहे. सागाचे लाकूड उघडे करण्याचा मोह कितीही झाला तरी ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरात तो बेत काही वर्षे पुढे ढकलावा असेच सांगावे लागेल.

पॉलिशपेपरच्या मागे छापलेला आकडा त्यावरील कणांची बारकी सांगतो: आकडा लहान तितका कण जाड. पोपडे आलेल्या जागेसाठी 80 किंवा 120, साधारण घासण्यासाठी 180 ते 220 आणि दोन थरांच्या मध्ये हलका हात फिरवण्यासाठी 320 ते 400 क्रमांकाचा पेपर पुरतो. घासण्याची दिशा नेहमी लाकडाच्या रेषांबरोबर असावी. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश लागले की सगळे उठून दिसतात. खड्डे आणि चिरा भरण्यासाठी रंगारी लांबी वापरतात. खडूची पूड उकळलेल्या जवसाच्या तेलात मळून ती करतात आणि रंग देण्याच्या झडपांसाठी ती उत्तम असते, परंतु पॉलिश द्यायच्या झडपेवर ती पांढरी दिसते, म्हणून तेथे त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून भरावा. जवसाचे तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात साचलेल्या उष्णतेने फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती अंगणात पसरून वाळवावीत.

लाखेचे पॉलिश घरी करणे मुळीच अवघड नाही. लिटरभर स्पिरिटात साधारण 200 ते 250 ग्रॅम चपडी टाकून काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावी, सकाळी हलवून तलम कापडातून गाळावी, आणि कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून केलेली पोटली त्यात बुडवून, किंचित पिळून, लाकडाच्या रेषांबरोबर एका ओढीत फिरवावी. स्पिरिट उडून जाते तशी लाख घट्ट होते, त्यामुळे एकाच जागी परत परत घासले तर पोटली चिकटते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. चुकलेली जागा तशीच सोडून थर वाळल्यावर बारीक पेपरने सपाट करावी. पाच-सहा पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी बरे. वाळलेली लाख खाण्याच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही वापरली जाते, त्यामुळे धान्याच्या आणि पिठाच्या डब्यांच्या फडताळाला ती सर्वांत योग्य; मात्र गरम भांडे ठेवले किंवा पाणी साचले की ती पांढरी पडते, म्हणून मोरीजवळ आणि ओट्याखाली तिचा उपयोग नाही.

जाळीच्या कपाटाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत असल्यामुळे पायांची टोके कुजलेली असतात. कुजका भाग कापून चारही पाय सारखे करावेत, टोकांना रंगाचे दोन थर द्यावेत आणि गंजलेली जाळी बदलून टाकावी. फ्रिजच्या काळात हे कपाट कांदे-बटाटे आणि फळांसाठी अजूनही अत्यंत सोयीचे आहे.

ओट्याखालची शटरे हा या विषयाचा आजचा आणि सर्वांत व्यापक भाग आहे. त्यात दोन वस्तू एकमेकींसारख्या दिसतात, परंतु गुणाने त्या फार भिन्न आहेत. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवून दाबलेला तक्ता. त्यातही साधी, दमट हवा सहन करणारी प्रत आणि उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारी प्रत असे भेद भारतीय मानक 303मध्ये आहेत, आणि मरीन म्हणून ओळखली जाणारी प्रत मानक 710ची असते. भुशाचा बोर्ड म्हणजे लाकडाचा किंवा उसाच्या चिपाडाचा भुसा राळेत कालवून दाबलेला तक्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंना छापील कागदाचा लेप कारखान्यातच बसवलेला असतो. शटरची खालची कड किंवा बिजागरीसाठी पाडलेले भोक पाहिले की दोहोंतला फरक तत्काळ कळतो: थर दिसले तर प्लायवूड, कण दिसले तर भुसा. प्लायवूडचे थर सुटले असतील तर फटीत गोंद भरून, दोन फळ्यांमध्ये दाबून ते पुन्हा बसवता येतात. भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगला की तो पूर्वीसारखा कधीच होत नाही, आणि त्यावर लावलेला रंग म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा होय. अशा कपाटाचा फुगलेला तळ कापून काढावा आणि त्या जागी कडाप्प्याची किंवा शहाबादी फरशीची पट्टी बसवावी. मराठवाड्याच्या हवेला आणि पाण्याला इतकी मानवणारी दुसरी स्वस्त वस्तू नाही.

पाण्याचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही. वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पाणी साठवून ठेवणे ही सवय आहे. 2012-13च्या दुष्काळात जालना राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरांत पिंपे, बादल्या व हंडे स्वयंपाकघरातच भरून ठेवावे लागतात. त्यांच्याखालची ओल शटरांच्या खालच्या कडांत शिरते, बोअरच्या जड पाण्यातील क्षार तेथे पांढरे साचतात आणि सनमायका कडेपासून सुटू लागते. म्हणून येथील शटरांच्या दुरुस्तीत दर्शनी बाजूच्या रंगापेक्षा खालच्या उघड्या कडेला महत्त्व द्यावे: ती घासून, पूर्ण वाळवून, तिला प्रायमरचे दोन आणि एनॅमलचे दोन थर द्यावेत, मग दर्शनी बाजूला काय करायचे ते ठरवावे.

सनमायका म्हणजे राळेत भिजवलेले कागद उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेला, बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग रंग धरत नाही, म्हणून 220 क्रमांकाच्या पेपरने त्याची चकाकी पूर्ण मारून, गुळगुळीत पृष्ठभागासाठी मिळणारा खास प्रायमर देऊनच त्यावर एनॅमल लावावे. सुटलेली सनमायका काढायची असेल तर वर जाड फडके ठेवून गरम इस्त्री फिरवावी. आतला रबरी गोंद मऊ पडतो आणि पातळ पात्याने पत्रा उचलता येतो. नवी लावताना तोच गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच ते एकमेकांवर टेकवावेत. एकदा टेकले की सरकवता येत नाहीत, म्हणून मध्ये दोन-तीन कमट्या ठेवून त्या एकेक करून ओढून घेण्याची सुतारांची रीत पाळावी.

रंग आणि साहित्याचे भाव दर मोसमात बदलतात, परंतु लागणारे प्रमाण बदलत नाही, आणि अंदाजपत्रक प्रमाणावरूनच करावे. पावणेदोन फूट उंच आणि सव्वा फूट रुंद अशी आठ शटरे धरली तर एका बाजूचे क्षेत्रफळ साडेसतरा चौरस फूट आणि दोन्ही बाजूंचे 35 चौरस फूट होते. एक लिटर एनॅमल एका थरात साधारण 100 ते 120 चौरस फुटांना पुरते, म्हणजे दोन थरांसाठीही लिटरभराचा एक डबा पुरून उरतो आणि अर्धा लिटर प्रायमर पुरतो. नव्या सनमायकाचा आठ फूट बाय चार फुटांचा एक पत्रा 32 चौरस फुटांचा असल्याने आठही शटरांच्या दर्शनी बाजू एकाच पत्र्यात निघतात. वाचलेला पैसा बिजागऱ्यांवर खर्च करावा, कारण रंग कितीही उत्तम असला तरी लोंबणारे शटर जुनेच दिसते. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल तर बांबूच्या कमटीचे किंवा काडेपेटीच्या गुलहीन काड्यांचे तुकडे गोंदात बुडवून त्यात ठोकावेत, रात्रभर वाळू द्यावे, वर आलेली टोके पटाशीने सपाट करावीत आणि मग तोच स्क्रू पेचकसाने पिळावा. तो नव्या लाकडात बसावा तसा घट्ट बसतो.

या कामाचा मोसमही विचारात घ्यावा लागतो. लाकूड आडव्या दिशेने ओलीने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे श्रावणात अडकणारी झडप रंध्याने तासली तर वैशाखात तिच्यात बोटभर फट पडते. अडकलेल्या झडपेला हात लावण्यापूर्वी पावसाळा संपण्याची वाट पाहावी. शहरातील नोकरदार घरांना नवरात्र ते दिवाळी हा काळ सोयीचा, कारण हवा कोरडी होत असते आणि साफसफाई तशीही चालू असते. शेतकरी कुटुंबांत मात्र तेव्हा सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी एकत्र येतात आणि घरातील बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा घरांनी दिवाळीचा आग्रह न धरता रब्बीची सुगी आटोपल्यावर, वाळवणाच्या दिवसांत हे काम काढावे. उन्हाळ्यातील दुपारी झडपा थेट उन्हात रंगवू नयेत, वरचा थर आधी वाळून आत फोड येतात; सकाळी, वारा पडलेला असताना, सावलीत रंग द्यावा.

काम सुरू करताना शटरे व झडपा उतरवून प्रत्येकीच्या बिजागरीच्या जागी पेन्सिलीने आकडा लिहावा आणि तोच आकडा चौकटीवरही लिहावा, कारण हाताने बसवलेल्या जुन्या झडपा एकमेकींच्या जागी बसत नाहीत. स्पिरिट, थिनर आणि रबरी गोंद यांची वाफ पेट घेते, म्हणून ते स्वयंपाकघराबाहेर, गच्चीवर किंवा अंगणात वापरावेत. आत काही करणे भागच असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद करून आणि देवाजवळचा दिवा दुसऱ्या खोलीत हलवून करावे. एनॅमल काही तासांत हाताला कोरडे लागले तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर शटरांना खटक्यांनी बंद करू नये, आणि रंगवलेल्या फळ्यांवर पहिला महिनाभर वर्तमानपत्र अंथरून त्यावर जड डबे मांडू नयेत, कारण कच्च्या रंगाला कागद चिकटतो आणि तो सोडवताना रंगही निघून येतो.